कुऱ्हाड कुठे होती?

निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली, तरी आमच्या कॉलनीत येणाऱ्या भाजीवाल्याचा समज पक्का आहे की मी पोलिसात होते. "मॅडम जेलमध्ये होत्या," असं तो नव्या गिऱ्हाइकाला सांगतो आणि गिऱ्हाईक माझ्याकडे बघत आपली पिशवी जरा जवळ ओढून घेतं. सुरुवातीला मी खुलासा करायची. पण 'परिवीक्षा अधिकारी' हा शब्द मेथीच्या जुडीपाशी उभं राहून समजावता येत नाही. म्हणून तो इथे, दिवाळीच्या निवांतपणात समजावते.

न्यायाधीश एखाद्याला दोषी ठरवतात, पण तुरुंगात पाठवण्याऐवजी 'नीट वाग' म्हणून बंधपत्रावर सोडतात. तो नीट वागतो आहे ना हे बघणारी मी. किंवा शिक्षा भोगणारा एखादा कैदी रजेवर घरी जायचं म्हणतो, किंवा त्याच्या मुदतीआधी सुटकेचा विचार चालू असतो. तो गेला तर राहील कुठे, त्याला घरात कोण घेईल, गावात त्याच्यामुळे काही बिघडेल का, हे त्याच्या घरी जाऊन विचारून येणारीही मीच. याला आमच्या भाषेत गृहचौकशी म्हणतात. लहानपणी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी आई मला सारखी म्हणायची, "तुला नसत्या चौकशा फार." पुढे सरकारने मला त्याच नसत्या चौकशांचा पगार दिला. आईला ते शेवटपर्यंत पटलं नाही.

या कामात प्रश्न काय विचारायचा यापेक्षा तो कोणाला विचारायचा, हे शिकायला मला जास्त वेळ लागला. कामठीला पावरलूमच्या वस्तीत एका सुटून आलेल्या कामगाराची चौकशी करत होते. शेजारी ठामपणे म्हणाला, "एकदम बेकार मानूस हाये, मॅडम."

"काहून? काय केलं त्याने?"

"कोनाशी बोलत नाही. चहाले बलावलं तं येत नाही. घमंडी हाये."

त्या कामगाराला मी तेच विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, मी त्याच्या घरी गेलो आन् उद्या त्याची एखादी वस्तू इकडची तिकडं झाली तं?" शेजाऱ्याने बोलावलं की आपण पोटात दुखतंय म्हणून सांगतो, असंही तो म्हणाला. मी दोघांना समोरासमोर बसवून चहा प्यायला लावला. अहवालात या चहाला कुठला रकाना नव्हता.

पण आज सांगायची आहे ती नरखेड तालुक्यातल्या एका गावची गोष्ट. माझ्या नोकरीत मी ढीगभर माणसं पाहिली. त्यातल्या कोणाची आठवण अजूनही माझ्याशी बोलत असेल, तर ती कांताबाईंची.

सुरुवात वसंतापासून झाली. वसंता खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगत होता, नागपूरच्या जेलमध्ये. पन्नाशीकडे झुकलेला, काटक, सुतारकामाच्या विभागात रंधा मारून मारून उजवा खांदा जरा वर उचललेला. जेलमधल्या कुणाची त्याच्याबद्दल तक्रार नव्हती. त्याची बायको मंदा दरवर्षी त्याच्या रजेसाठी अर्ज करायची आणि दरवर्षी तो नामंजूर व्हायचा. कारणही ठरलेलं असायचं: मयताच्या कुटुंबाचा विरोध, गावात शांतता भंग होण्याची शक्यता. त्या वर्षी चौकशी माझ्याकडे आली.

मी आधी त्याला भेटले. विचारलं, "वसंता, त्या दिवशी काय झालं होतं?"

"शालिक कुऱ्हाड घेऊन माह्या अंगावर धावून आला जी. मी जीव वाचवाले पाना मारला. त्याच्या डोक्शाले लागला."

शालिक त्याचा चुलत भाऊ. दोघांच्या संत्र्याच्या बागा लागून, आजोबांनी खणलेली विहीर सामाईक. एकाने आज पाणी घ्यायचं, दुसऱ्याने उद्या. त्या पाळीवरून भांडण झालं आणि शालिक मेला. न्यायालयाने वसंताचं स्वसंरक्षणाचं म्हणणं मानलं नाही. मी निकाल वाचून गेले होते. मला चमत्कारिक वाटलं ते असं, की वसंताने मला जे सांगितलं ते शब्दन् शब्द न्यायालयातल्या जबाबाप्रमाणे होतं. इतक्या वर्षांनी एखादी गोष्ट सांगताना माणूस अडखळतो, एखादा तपशील वाढवतो, एखादा गाळतो. हा शाळेतली कविता म्हणावी तसा म्हणत होता. नजरही कविता म्हणणाऱ्या मुलासारखीच, समोरच्या भिंतीवर.

 मग मी काटोलमार्गे एसटीने त्याच्या गावी गेले.

मंदाचं घर स्वच्छ सारवलेलं. तिने पाट मांडला, संत्र्याचा रस दिला. बाईने एकटीने बाग राखली होती, मुलाला डिप्लोमापर्यंत शिकवलं होतं. "त्यानं खून नाही केला, मॅडम," ती म्हणाली. "जीव वाचवला आपला. सारं गाव सांगते."

सारं गाव खरोखरच तसं सांगत होतं. ग्रामपंचायतीसमोर बसलेल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, पोलीस पाटलांनी सांगितलं, दुकानदारानेही सांगितलं. शालिक तापट होता. बोलला की गल्लीभर ऐकू जायचं. कुऱ्हाड घेऊन धावला असेल यात कुणालाच नवल वाटत नव्हतं. वसंता सुटून आला तर त्यांची हरकत नव्हती.

"मग विरोध कोणाचा आहे?" मी पोलीस पाटलांना विचारलं.

"शालिकच्या बायकोचा. कांताचा."

"ती काय म्हणाली?"

पाटील जरा गोंधळले. "म्हनाली असं नाही... पन तिचा राहीनच ना, बाप्पा."

म्हणजे इतक्या वर्षांत कांताबाईंना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांच्या नावावर विरोध लिहिला जात होता, आणि हे त्यांनाच माहीत नव्हतं.

कांताबाई बागेत होत्या. उंच, सावळ्या, डोक्याला घट्ट फडकं बांधलेलं. हातात आरी घेऊन झाडावरची सल काढत होत्या. सल म्हणजे संत्र्याच्या झाडावर वाळलेल्या फांद्या. त्या वेळेवर काढल्या नाहीत तर झाड आतून खराब होत जातं. मी माझं नाव सांगितलं, कामही सांगितलं. त्यांनी आरी खाली ठेवली नाही.

"वसंता रजेवर येऊन राहिला का?"

"अजून ठरलं नाही. तुमचं काय म्हणणं आहे ते विचारायला आले."

"माह्यं?" त्यांनी वळून माझ्याकडे नीट पाहिलं. "मले कोनी कधी विचारलं नाही वं बाई."

"आता मी विचारते आहे."

 मग त्या आरी फांदीला अडकवून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, येऊन बसल्या. "येऊ द्या त्याले," त्या म्हणाल्या. "पन आल्या आल्या पहिले माह्या दारात आना. मले त्याले एक इचाराचं हाये."

"काय?"

"कुऱ्हाड कुठं होती."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग त्यांनी सांगितलं, आणि मी वही पिशवीतच राहू दिली.

त्या दिवशी सकाळी नवराबायकोचं भांडण झालं होतं. भांडण काही मोठं नव्हतं, माहेरच्या लग्नाला जायचं की नाही इतकंच. शालिक रागाने उठला, न जेवता, कोपऱ्यातली कुऱ्हाड घेऊन निघून गेला. कुठे, ते बोलला नाही. दुपारी निरोप आला. विहिरीपाशी तो पडला होता आणि कुऱ्हाड त्याच्या हाताजवळ होती.

"तो सल काढाले गेल्ता का वसंताले माराले गेल्ता, हे मले आजवर समजलं नाही," कांताबाई म्हणाल्या. "मी तं घरात होती. गाव म्हनते माराले गेल्ता. पोरीच्या सोयरिकीच्या वेळी लोकाइनं तोंडावर म्हटलं, बाप खुनशी होता. मी भांडली त्यांच्याशी. पन रातच्याले मले वाटे, खरंच तं नसन? माह्यावरचा राग त्यानं वसंतावर काढला असन तं? मंग तं मीच..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "कोर्टात म्यां सरकारी वकिलाले इचारलं. ते म्हने, बाई, कुऱ्हाडीवर रक्त नाही, आपल्याले तिची गरज नाही. त्याइले गरज नव्हती. मले होती ना."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसून हाच विचार करत होते. पंच, साक्षीदार, डॉक्टर, वकील, न्यायाधीश, इतक्या सगळ्यांनी मिळून इतकी वर्षं एका माणसाच्या मरणाची चौकशी केली होती. त्यांनी कोणी मारलं, कशाने मारलं, किती खोल मारलं, सगळं विचारलं. घरात वाट बघत बसलेल्या बाईला काय जाणून घ्यायचं आहे, तेवढं राहून गेलं. आता नव्या कायद्यांमध्ये पीडितांच्या बाजूने बरंच काही आलं आहे असं वाचते, आणि ते चांगलंच आहे. पण मला अजून वाटतं, सुरुवात कांताबाईंना खाली बसून विचारण्यापासून व्हायला हवी.

मी अहवाल लिहिला: विरोध नाही. रजा मंजूर होण्याच्या बेतात होती. मी जेलमध्ये जाऊन वसंताला आनंदाने सांगितलं, "कांताबाईंची हरकत नाही. तुम्ही आल्यावर त्यांना फक्त एक विचारायचं आहे. कुऱ्हाड कुठे होती."

इतक्या वर्षांत मी रजा मिळाल्यावर रडणारे पाहिले आहेत, हसणारे पाहिले आहेत, पाया पडणारेही पाहिले आहेत. वसंताने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मले रजा नको."

"काहून?"

"नको म्हटलं ना जी." आणि तो रंध्याकडे परत गेला.

त्याने रीतसर लिहून दिलं. जेलच्या अधिकाऱ्यांनी खांदे उडवले. काहीजण आत इतके रुळतात की बाहेर जायची धास्ती घेतात, तसाच हाही, असं त्यांना वाटलं. मला तसं वाटत नव्हतं. त्याची भीती बाहेरची नव्हती, त्या एका प्रश्नाची होती.

आठवड्याभरात मंदा माझ्या ऑफिसात येऊन धडकली. खुर्चीत बसलीही नाही. "तुमी का सांगतलं त्याले? इतके वर्सं मी अर्ज करून राहिली, आन् आता तोच नाही म्हनते! काहून नाही येऊन राहिला तो?"

"ते तुम्ही त्यालाच विचारा."

"तुमाले माईत हाये."

"मला माहीत नाही, मंदाबाई. मला नुसता अंदाज आहे. आणि अंदाजावर मी बोलत नाही."

त्यानंतर मी एकदा वसंताला एकट्याला भेटले. मी त्याला सांगितलं की मी काही लिहून घ्यायला आलेली नाही. मला कळत नाही, आणि कळत नसलं की मला चैन पडत नाही, इतकंच. तो पहिल्यांदा हसला, अगदी ओझरतं. मग हळूहळू बोलला. "मॅडम, माही मंदा त्या गावात मान वर करून राहते. काहून, का तिच्या नवऱ्यानं जीव वाचवाले मारलं. आता मी कांतावैनीपुढं उभा राहिलो, तं तेच बोलू? कोर्टापुढं बोललो, तुमच्यापुढं बोललो. वैनीच्या तोंडावर नाही बोलता येत जी. त्या घरची भाकर खाल्ली मी. आन् दुसरं बोललो, तं मंदाचं का होईन?"

तो 'दुसरं' म्हणाला, 'खरं' म्हणाला नाही. ते मी ऐकलं.

"मग हे आधी मंदाबाईंना सांगायला नको का?" मी म्हटलं. "गावात तुम्हाला नाही राहायचं, त्यांना राहायचं आहे. तेव्हा त्यांनाच ठरवू द्या."

पुढच्या भेटीच्या दिवशी मंदा आली. भेटीच्या खोलीत काचेच्या अलीकडे एक, पलीकडे एक, आणि हातात फोन. मी आत गेले नाही. बाहेर कडुलिंबाखाली थांबले. ती बाहेर आली आणि सरळ कडुलिंबाखाली आली. ओट्यावर बसली. मी पाण्याची बाटली पुढे केली. ती पाणी प्यायली, तिने पदराने तोंड पुसलं, आणि किती तरी वेळ रस्त्यावरच्या गाड्या पाहत राहिली.

माझ्या जिभेवर प्रश्न आला होता. नोकरीत पहिल्यांदाच मी तो गिळला. तो माझा नव्हता. तो ज्या बाईचा होता तिला उत्तर आधी मिळायला हवं होतं.

"रजेचा कागद करा, मॅडम," मंदा शेवटी म्हणाली. "जामीन मी हाये. तो येईन."

वसंता रजेवर आला तो हिवाळ्यात. संत्र्याच्या तोड्याचे दिवस, गावात ट्रक उभे. मी त्याच सकाळी तिथे पोचले. माझी हजेरी नियमात बसत होती की नाही, यावर पुढे माझ्या वरिष्ठांनी बराच विचार केला. मी मुळीच केला नाही.

कांताबाईंच्या अंगणात आम्ही चौघं होतो. कांताबाई ओसरीच्या खांबाला टेकून उभ्या, खाली अंगणात वसंता, त्याच्या मागे मंदा, आणि मी बाजूला. या दोघी जावा, घरं एकाच गल्लीत, पण इतक्या वर्षांत एकमेकींशी बोललेल्या नव्हत्या. कुणी कुणाला बस म्हटलं नाही.

"कुऱ्हाड कुठं होती?" कांताबाईंनी विचारलं.

वसंता भिंतीकडे बघेल असं मला वाटलं होतं. त्याने त्यांच्याकडे पाहिलं.

"झाडाले टेकून होती, वैनी. विहिरीपासच्या मोठ्या झाडाले."

"त्याच्या हातात नव्हती?"

"नव्हती. तो मोटरपाशी वाकला होता. स्टार्टर पाहून राहिला होता. पाठ होती माह्याकडं." तो थांबला.  "बारी त्याचीच होती. माही झाडं सुकून राहिली होती. आदल्या रोजी लाइनच नव्हती, माही बारी फुकट गेली. मी म्हटलं, आज मले दे. तो म्हने, उद्या घे ना बे, अन् हासला. तो वाईट नाही हासला, वैनी. तो असाच हासे. पन मले त्या टायमाले... पाना हातात होता. मंग तो पडला. मंग मीच कुऱ्हाड आनली अन् त्याच्या हातापाशी ठेवली."

मागे मंदाने डोळे मिटून घेतले होते. हे तिने आधी ऐकलं होतं, तरीही.

कांताबाई हलल्या नाहीत. मला वाटलं त्या आता ओरडतील, शिव्या देतील, काहीतरी फेकून मारतील. तसं झालं असतं तर मी त्यांना अडवलंही नसतं. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, तो मला कधीच सुचला नसता.

"सल काढली होती का त्यानं?"

"हो," वसंता म्हणाला. "मोठा ढीग केला होता धुऱ्यावर. धुऱ्याकडची झाडं साफ झाली होती."

"म्हंजे कामालेच गेल्ता," कांताबाई म्हणाल्या. त्या आमच्याशी बोलत नव्हत्या. हळूहळू त्या खांबाला धरून खाली बसल्या. "उपाशी गेल्ता, पन कामालेच गेल्ता."

मी जवळ गेले तर त्यांनी हाताने थांबवलं. जरा वेळाने त्यांनी मान वर केली. आवाज अगदी कोरडा होता. "मले एकटीले सांगून का होते? खोटं साऱ्या गावाले सांगतलं ना? आता हेबी साऱ्या गावाले सांग."

आणि त्याने सांगितलं. ग्रामपंचायतीसमोर, त्याच म्हाताऱ्यांना, पोलीस पाटलांना. लांबलचक बोलला नाही. अंगणात बोललेलं तेवढंच पुन्हा बोलला. ऐकून एक म्हातारा उठून गेला. दुकानदार म्हणाला, "जेलात राहून डोक्शावर परिनाम झाला याच्या." माणसाला आपलं जुनं मत सोडण्यापेक्षा समोरच्याला वेडा ठरवणं किती सोपं जातं, ते मी त्या दिवशी पाहिलं.

रजा संपायच्या आधी मी वसंताच्या घरी गेले. मंदाने चहा केला. ती म्हणाली, "रातभर लाइट बंद करू देत नाही. अंधारात झोप येत नाही म्हनते." जेलच्या बराकीत रात्रभर दिवा चालू असतो, हे तिला माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर तिने मान हलवली.

मी वसंताला स्पष्ट सांगितलं, "तुमच्या मुदतीआधी सुटकेचा विचार व्हायचा आहे. त्यासाठी माझाही अहवाल जाईल. तुम्ही बोललात ते मी ऐकलंय. मी ते लिहिलं तर तुमच्या विरोधात जाऊ शकतं. झटापटीत लागलेला घाव वेगळा आणि पाठमोऱ्या माणसावर केलेला वेगळा. आणि लिहिलं नाही तर तो अहवाल खोटा होईल."

"लिहा," तो म्हणाला. मंदाकडे बघून पुन्हा म्हणाला, "लिहा जी."

मी सगळं लिहिलं. खाली माझं मतही लिहिलं: ज्या माणसाने स्वतःचं नुकसान होणार हे माहीत असून खरं सांगितलं, त्याच्यापासून गावाला आधीपेक्षा कमी धोका आहे. वरिष्ठांनी मला बोलावलं. "मॅडम, तुम्ही त्याला सोडवायला निघाला होता की अडकवायला?" मी म्हटलं, "मी विचारायला निघाले होते, साहेब." त्यांना ते उत्तर आवडलं नाही. मला मात्र अजून आवडतं.

त्या खेपेला वसंता सुटला नाही. नेमकं कशामुळे, ते अशा निर्णयांत कधी सांगत नाहीत. मंदाने मला फोन केला आणि एकच वाक्य बोलली, "खरं बोलून का भेटलं?"  गावात तिचं कठीण झालंच होतं. जे लोक तिला मानाने बोलवायचे ते आता बायकांच्या घोळक्यात तिला बघून विषय बदलायचे. मला दिवसेंदिवस वाटत राहिलं, मी गप्प राहून जुन्या पद्धतीचा अहवाल लिहिला असता तर तो माणूस आज घरी असता. पण मग कांताबाई? मी दोन्ही बाजूंनी विचार करायची आणि दोन्हीकडून परत यायची.

मग एक दिवस ऑफिसच्या शिपायाने सांगितलं, दोन बाया आल्यात. एक व्हरांड्याच्या या टोकाला बसली आहे, दुसरी त्या टोकाला, आणि दोघी म्हणतात, आम्ही सोबत आलो.

कांताबाई आणि मंदा. एकाच एसटीने आल्या होत्या. कांताबाई पुढच्या सीटवर, मंदा पार मागे.

कांताबाई माझ्या समोर बसल्या. "मले सरकारले लिहून द्याचं हाये," त्या म्हणाल्या. "कसं लिहाचं ते सांगा."

"काय लिहायचं?"

"का त्याले सोडा. माही हरकत नाही."

मी पेन ठेवून दिलं. कुणी दबाव आणला नाही ना, हे विचारणं माझं काम होतं, आणि ते मी विचारलं. त्यांना राग आला. "माह्यावर कोन दबाव आनते? ही?" त्यांनी बाहेर बोट दाखवलं. "ही तं बसमध्ये माह्याकडं पाहतबी नव्हती. मीच हिले म्हटलं, चाल." मग जरा शांत होऊन म्हणाल्या, "मॅडम, तो खोटं बोलला तवा समद्याइनं त्याले चांगला म्हटलं. खरं बोलला तं आत बसला. असं असन, तं उद्या कोन खरं बोलन? माह्यासारखी दुसरी एखादी बसली असन घरात, तिले कोन सांगन?"

मी कांताबाईंचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं. वाचून दाखवलं. त्यांनी एके ठिकाणी मला थांबवलं. मी 'क्षमा केली आहे' असं लिहिलं होतं. "हे खोडा," त्या म्हणाल्या. "हे मी नाही म्हटलं." मी खोडलं.

फेरविचाराला वेळ लागला. दरम्यान मी निवृत्त झाले, निरोपाचा नारळ घेतला, घरी आले. वसंता सुटल्याचं मला मंदाच्या फोनवरून कळलं. "आला," एवढंच ती बोलली. मागे कुठेतरी रंधा चालल्याचा आवाज येत होता.

गेल्या हिवाळ्यात मी त्या गावी जाऊन आले. आता माझ्याकडे ना फाईल होती ना अधिकार. आईच्या भाषेत, नसती चौकशी. वसंता गावातल्या शाळेचे बाक दुरुस्त करून देत होता. काही जण त्याच्याशी बोलत, काही अजून बोलत नसत, आणि तो त्याबद्दल तक्रार करत नव्हता. मंदा आणि कांताबाई भाजीची देवाणघेवाण करण्याइतपत जवळ आल्या होत्या. वसंताशी कांताबाई बोलत नाहीत. तो समोरून आला तर तोच रस्त्याच्या कडेला थांबतो, त्या पुढे जातात, मग तो चालू लागतो.

मी कांताबाईंच्या ओसरीवर बसले. मला विचारल्याशिवाय राहवलं नाही. "तुम्ही त्याला अजून माफ केलं नाही. मग त्याला सोडवून तुम्हाला काय मिळालं?"

त्या संत्रं सोलत होत्या. प्रश्नाचा त्यांना राग आला नाही. फोडी माझ्या हातावर ठेवत त्यांनी विचार केला.

"त्याले सोडवून कायबी नाही भेटलं," त्या म्हणाल्या. "पन शालिक भेटला ना मले. इतकी वर्सं मी त्याच्यावर रागावूनच होती, मॅडम. मेलेल्या मानसावर. का रे गेला कुऱ्हाड घेऊन, का रे माह्या पोरीच्या नावाले बट्टा लावला. त्याच्यासाठी रडाले बसली, का रागच ये. रडनं होयेच नाही."

"आणि आता?"

"आता होते," कांताबाई म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांकडे नेण्याचीही त्यांना घाई नव्हती.